बिनकोलेस्टेरॉलची बॅच

आमच्या लॅबमध्ये नवीन आलेल्या ज्युनियरने एकदा सरळच विचारलं, लायपोसोममध्ये (म्हणजे औषध भरायच्या चरबीच्या सूक्ष्म फुग्यांत) कोलेस्टेरॉल घालायचंच कशाला, डॉक्टर तर कमी करा म्हणून मागे लागतात. मॅडम हसल्या, म्हणाल्या, "न घालता करून बघ ना, तुझं तुलाच कळेल."

मग आम्ही दोन बॅच केल्या, एक नुसत्या अंड्याच्या लेसिथिनची (म्हणजे फॉस्फोलिपिडची, फुग्याचा पडदा त्याचाच बनतो) आणि दुसरीत ४० मोल टक्के (म्हणजे दर शंभर रेणूंत चाळीस) कोलेस्टेरॉल, दोन्हींच्या पोटात कॅल्सीन भरलं. हा डाय भारी आहे, दाटीवाटीने कोंडला की स्वतःचाच उजेड दाबतो आणि बाहेर पडून पातळ झाला की चमकतो, म्हणजे गळती लपतच नाही. बाहेर राहिलेला डाय कॉलममधून काढून टाकला, साइझ मोजली तर दोन्ही १०० नॅनोमीटरच्या आसपास, पीडीआय (साइझ किती एकसारखी ते) पण छान. ज्युनियर खूश, म्हणे बघा, काय फरक पडला!

खरी गंमत सिरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) घातल्यावर. ३७ डिग्रीला ठेवलं आणि बिनकोलेस्टेरॉलवालीच्या उजेडाचा ग्राफ असा चढायला लागला की ज्युनियर खुर्ची ओढून स्क्रीनसमोरच बसली. निळ्या लाइटखाली धरलं तर ती ट्यूब झगझगीत पोपटी आणि शेजारची मंदच. शेवटी ट्रायटन (एक डिटर्जंट) घालून सगळं फोडलं (१०० टक्के गळती म्हणजे किती ते त्यावरूनच ठरतं), तर पोपटी ट्यूबमध्ये वाढायला फारसं काही उरलंच नव्हतं, दुसरीचं रीडिंग मात्र एकदम उडालं.

होतं काय, सिरममधली लायपोप्रोटीन्स (रक्तातून चरबी वाहून नेणारे कण), विशेषतः एचडीएल, पडद्यातले फॉस्फोलिपिड ओढून नेतात, पडदा सैल असला की त्यांना रान मोकळंच. कोलेस्टेरॉलची ती चार कड्यांची ताठ चौकट फॉस्फोलिपिडच्या शेपट्यांच्या मधे घुसते, तिचा ओएच गट पाण्याकडे, शेपट्यांची वळवळ थांबते आणि पडदा आवळला जातो. २०१८ साली मंजूर झालेल्या ऑनपॅट्रो या औषधाच्या नॅनोपार्टिकलमध्ये पण ३८.५ मोल टक्के कोलेस्टेरॉलच आहे, कोविडच्या एमआरएनए लसींतही साधारण तेवढंच, उगाच नाही घालत कोणी.

"मग ८० टक्के घालूया की!" इति ज्युनियर. म्हटलं अगं, ६६ टक्क्यांच्या आसपास पडदा भरतो, पुढचं सगळं क्रिस्टल होऊन वेगळं पडतं. पण तिला तेही करूनच बघायचंय. कर म्हटलं, फक्त एक्स्ट्रूडरमध्ये (बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून दाबून साइझ सारखी करणारं यंत्र) घालायच्या आधी मायक्रोस्कोपखाली बघ, फिल्टर चोक झाला तर तो खोलून साफ करायचं काम कोणाच्या गळ्यात पडतं ते सगळ्या लॅबला माहितीये.