येऊरला जा, पण पहाटे जा

दोन-तीन दमदार सरी पडून गेल्या आणि मी भाच्याला सांगितलं, बुधवारी झोप विसर, ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जायचंय. नवरंग पक्षी आलेला असणार. मुद्दाम मधला वार धरला. शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर गाड्यांचीच गर्दी असते, आणि गाणी लावून आलेल्यांना पक्षी दिसत नाहीत, इतरांनाही दिसू देत नाहीत.

उपवन तलाव मागे टाकून वळणावळणाचा चढ लागतो. उजाडता उजाडता गेटवर असायला हवं. तिथं वन खात्याची चौकी आहे. नाव नोंदवा, शुल्क भरा आणि आज कुठली वाट खुली आहे हे आधी विचारा. हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं ठाण्याकडचं अंग आहे, मनाला येईल तिकडे शिरायची मुभा नाही. आमच्यासोबत पाड्यावरचे ओळखीचे एक वारली दादा होते. कुणी जाणकार बरोबर असल्याशिवाय आत जाऊच नका.

पावसात इथलं रान इतकं दाट होतं की सदाहरित वाटावं. पण हे मुख्यतः पानझडी जंगल आहे. साग, ऐन, कुसुम, पळस, आणि उन्हाळ्यात पांढऱ्याफटक खोडाचा उठून दिसणारा कांडोळ. एप्रिलमध्ये याच वाटेवर सावली शोधावी लागते.

अर्धा तास चाललो असू, दादांनी हात वर केला. दोन सुरांची स्पष्ट शीळ आली, मग लांबून तिला उत्तर. आम्ही होतो तिथंच थांबलो. भाचा दोनदा म्हणाला, "आत्या, पुढे जाऊया ना." नाही गेलो. दहा मिनिटांनी ओल्या पाचोळ्यात पानं उलटताना तो दिसला. हिरवी पाठ, डोळ्यावरून काळी पट्टी, पंखावर निळा तुकडा, आखूड शेपटीखाली लालभडक. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून नवरंग पावसाळ्यात आपल्याकडे वीण करायला येतो, घरटं जमिनीवर किंवा खालच्या फांद्यांवर बांधतो. म्हणून वाट सोडून झुडपांत पाय घालू नका. आणि मोबाइलवर त्याची शीळ वाजवून त्याला बोलवायचं तर अजिबात नको. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो घरटं सोडून धावत येतो. एका फोटोसाठी हे करणारे पाहिले की मला खरंच राग येतो.

परतताना ओढ्याकाठच्या चिखलात दादा वाकले. ठसा माझ्या तळहातापेक्षा जरा लहान, चार बोटं, मागे तीन उंचवट्यांची गादी, नखांची खूण नाही. बिबट्या नखं आत ओढून चालतो. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात. कडा अजून धारदार होत्या, म्हणजे रात्रीच्या पावसानंतरचा. भाचा घाबरला. दादा म्हणाले, "तो त्याच्या वाटेनं गेला, आपण आपल्या वाटेनं जाऊ." यांच्याकडे वाघोबा हा देव आहे, त्यांच्या बोलण्यात भीती नव्हती, मान होता. तरीही मुलांना नजरेआड होऊ देऊ नका, आणि अंधार पडायच्या आत बाहेर या.

कपडे मळखाऊ आणि पूर्ण बाह्यांचे घाला, डास भरपूर आहेत. चांगली पकड असलेले बूट हवेतच, शेवाळलेल्या दगडावर मी एकदा सपशेल आपटले. छत्री नको, रेनकोट घ्या, म्हणजे दुर्बीण धरायला दोन्ही हात मोकळे राहतात. धबधब्यांकडे पावसाळ्यात बंदी असते, ती पाळा. वर डोंगरात पाऊस झाला की ओढा बघता बघता फुगतो. खाऊ डब्यातून न्या, वेष्टनं नकोतच. माकडं ती हातातून ओढतात.

परतीची सोय आधी करून ठेवा. बसला वेळ असतो आणि रिक्षा वर रिकामी मिळेलच असं नाही. आम्ही दहा वाजता उपवनपर्यंत चालत उतरलो, आणि उतरताना त्या वळणांवर टकाचोर आणि तांबट हे दोन्ही पक्षी मिळाले.