हस्तलिखित बोनाफाईड

निफाड तालुक्यातील एक द्राक्षबागायतदार आणि त्यांची मुलगी 23 नोव्हेंबर 2022 रोजी दुपारी आमच्या बँकेच्या नाशिकच्या शाखेत आले, तेव्हा त्यांच्या शैक्षणिक कर्जाची फाईल माझ्या टेबलावर दीड महिना पडून होती. मुलगी 2019 पासून युक्रेनमधील खारकीव्हला वैद्यकीय शिक्षण घेत होती. रशियाच्या आक्रमणानंतर 2 मार्च 2022 रोजी भारतीय दूतावासाने खारकीव्ह तातडीने सोडण्याची सूचना दिली, तेव्हा ती मैत्रिणींबरोबर जवळच्या पिसोचिनपर्यंत पायी गेली आणि पुढे ‘ऑपरेशन गंगा’ या भारत सरकारच्या सुटका मोहिमेच्या विमानाने परतली. त्यानंतर वर्ग ऑनलाइन सुरू झाले; चौथ्या वर्षाच्या फीचा हप्ता मात्र आमच्या वरिष्ठ कार्यालयाने रोखून धरला होता.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 6 सप्टेंबरच्या पत्राने अशा विद्यार्थ्यांना अन्य देशांत तात्पुरते शिकण्याची मुभा दिली होती, परंतु पदवी युक्रेनमधील मूळ विद्यापीठाचीच हवी, अशी अट होती. म्हणजे तिथले नाव टिकवणे भाग होते आणि फी थकली तर नाव टिकणे अवघड होते. हे मी वर लिहून कळवले, त्यावर एका ओळीचे उत्तर आले: लेटरहेडवरील ताजे बोनाफाईड पत्र घ्यावे आणि विद्यापीठाशी बोलून खात्री करावी.

साडेपाच वाजता, म्हणजे खारकीव्हच्या दोन वाजता, व्हिडिओ कॉल लागला. डीन कार्यालयातील बाई खोलीतही जाड कोट घालून बसल्या होत्या. त्यांनी मुलीचे नाव विचारले, रजिस्टर उघडले, पानावर बोट ठेवले आणि चित्र गोठले. मुलीने मोबाईलवर वर्गाचा ग्रुप पाहिला. “सायरन झालाय, मॅडम. आता त्या तळघरात जातील,” असे ती लोडशेडिंगचे वेळापत्रक सांगावे त्या सुरात म्हणाली. त्या दिवशीच्या क्षेपणास्त्रहल्ल्यांनी युक्रेनच्या बहुतांश भागातील वीज गेली होती, हे मला रात्रीच्या बातम्यांत समजले.

वडील बराच वेळ गप्प होते. “मॅडम, विद्यापीठ नाही राहिलं, तरी कर्ज तर राहीलच ना?” त्यांनी विचारले. नियमानुसार उत्तर ‘हो’ असे होते. ओझरचा प्लॉट आमच्याकडे तारण होता. मी चहा मागवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ईमेल आला. प्रिंटर बंद असल्यामुळे त्या बाईंनी रेघी कागदावर निळ्या शाईने पत्र लिहिले होते, खाली गोल शिक्का मारला होता आणि मोबाईलने फोटो काढून पाठवला होता. मुलीचे नाव, वर्ष, गट, फीची रक्कम, सारे त्यात होते. लेटरहेड तेवढे नव्हते. मी पत्र पुन्हा मागवले नाही. वीज नसलेल्या कार्यालयाकडे छापील कागदाचा आग्रह धरण्याची मलाच लाज वाटली. कॉलची वेळ आणि हल्ल्याची बातमी नमूद करून मी शिफारस वर पाठवली. आठ दिवसांनी मंजुरी आली आणि त्याच दुपारी पैसे रवाना झाले.

फीची पावती आली ती छापील होती. ईमेलमध्ये बाईंनी एवढेच लिहिले होते की आज वीज आहे, हवे असल्यास बोनाफाईडही छापून देते.