फ्लेमिंगो बघायला किती वाजता जायचं?

फेब्रुवारी लागला की हा प्रश्न हमखास येतो : "रविवारी सकाळी सातला शिवडीला गेलो तर फ्लेमिंगो दिसतील ना?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण या प्रश्नात वार आहे, वेळ आहे, पण तिथी नाही. आणि खाडीवर सगळं तिथीवर चालतं.

कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशोब आधी पाठ करा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. आणि दिवसात दोन भरत्या, म्हणून चतुर्थीला पहाटे तीन आणि दुपारी तीन. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरून चाला. दिवस ठरवायला तेवढं पुरतं, नेमकी वेळ आणि पाण्याची उंची भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहायची. तक्ता मुंबई बंदराचा असतो. ठाण्याच्या खाडीत जसजसं आत जाल तसतशी भरती उशिरा पोचते.

आता सकाळी सातचं बघा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला गेलात तर ओहोटी नुकतीच होऊन गेलेली असते. उधाणाचे दिवस, पाणी फार लांब गेलेलं. पक्षी पाण्याच्या कडेने चरतात, त्यामुळे तेही तिकडेच. समोर नुसता चिखल आणि दूरवर एक गुलाबी रेघ. अष्टमीला गेलात तर भरती नुकतीच ओसरू लागलेली, पण भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट, कमी चढ-उताराची. भांगाला पाणी ना पुरतं चढत ना पुरतं उतरत, म्हणून पक्षी मधल्या पट्ट्यात रेंगाळतात. दिसतात, पण जवळ येत नाहीत.

तुम्हाला हवं असतं ते चढतं पाणी. ते पक्ष्यांना चिखलावरून हळूहळू काठाकडे रेटतं. भरतीच्या सहा तासांत जेवढं पाणी चढतं, त्यातलं जवळजवळ निम्मं तिसऱ्या आणि चौथ्या तासात चढतं, आणि पक्षी खऱ्या अर्थाने हलतात ते याच दोन तासांत. म्हणून पूर्ण भरतीच्या साडेतीन तास आधी जागेवर उभं असावं. भरतीची वेळ गाठून पोचलात तर उधाणाला शिवडीत चिखलच उरत नाही. पक्षी उठून गेलेले असतात आणि "यंदा फ्लेमिंगो आलेच नाहीत" असं म्हणत लोक परततात.

उठून जातात कुठे, हे ठाऊक असलं तर तो वेळही वाया जात नाही. काही थवे नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवुड्सच्या पाणथळींवर, डीपीएस शाळेजवळच्या तलावावर, टी.एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे जाऊन बसतात. तिथे जायची वेळ म्हणजे ऐन भरती. हे तलाव म्हणजे पक्ष्यांची विसाव्याची जागा. भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या तर तलाव सुकतो, आणि मग पक्ष्यांना भरतीचे ते दोन-तीन तास टेकायला जागा राहत नाही. खाडीचा चिखल वाचवला आणि तलाव गमावला तर काम अर्धंच झालं.

दुसरी गोष्ट उजेडाची. शिवडीचा चिखल धक्क्याच्या पूर्वेला आहे, सकाळी ऊन थेट डोळ्यांत येतं आणि पक्षी काळे दिसतात. दुपारनंतर ऊन पाठीशी. ऐरोली आणि नेरूळ खाडीच्या पूर्व काठावर, तिथे उलट : सकाळ चांगली. म्हणून माझ्या मते सर्वांत भरगच्च दिवस पौर्णिमेचा किंवा अमावास्येचा. सकाळी आठच्या सुमारास ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने चढत्या पाण्यावर (बोटीच्या वेळा भरतीवर ठरतात, आरक्षण आधी करा), अकरा ते एक नेरूळच्या तलावांवर, मग हार्बर लोकलने थेट शिवडी. अडीच-तीनला पाणी उतरू लागलेलं असतं, काठाजवळचा चिखल सर्वांत आधी उघडा पडतो आणि पक्षी परत तिथेच उतरतात. पुढचा तास-दीड तास ते जवळ असतात. मग पाण्यामागे चालत लांब जातात. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, तो याच चिखलावरून जातो, त्याचे खांब अंतर सांगायला उपयोगी पडतात : "तिसऱ्या खांबाच्या डावीकडे, पाण्याच्या कडेला."

ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. नाव फ्लेमिंगोचं आहे, म्हणून बाकीच्या पक्ष्यांकडे दुर्लक्ष होतं. रोहितांत (म्हणजे फ्लेमिंगोंत) मोठा आणि छोटा ओळखायला रंगावर जाऊ नका, उजेडाप्रमाणे तो फसवतो. चोच पाहा. मोठ्या रोहितची चोच फिकी गुलाबी आणि टोकाला तेवढी काळी. छोट्याची गडद लाल, लांबून सरळ काळीच वाटते. राखाडी-मळकट दिसतात ती पिल्लं, आजारी पक्षी नव्हेत.

थंडी सरताना मला बघण्यासारखे वाटतात ते चिखलपक्षी, म्हणजे चिखलात चोच घालून चरणारे स्थलांतरित पक्षी. डिसेंबरात सगळे एकसारखे करडे असतात आणि नवा माणूस वैतागतो. मार्चमध्ये रंग चढू लागतात : गॉडविटच्या मानेवर तांबूस, कर्ल्यू सँडपायपरच्या पोटावर विटकरी ठिपके, सँड प्लोव्हरच्या छातीवर नारिंगी पट्टा. एकाच थव्यात कोणी पुरता रंगलेला, कोणी निम्मा. आणि चोचीकडे पाहत राहिलात तर चिखलाची वाटणी कळते. स्टिंट वरचेवर टिपतो, गॉडविट डोळ्यांपर्यंत चोच खुपसतो, उचाट्या (ॲव्होसेट) वर वळलेली चोच उथळ पाण्यात डावी-उजवी फिरवत चालतो, जणू केर काढतोय.

याच दिवसांत त्यांना त्रास न देणं सर्वांत महत्त्वाचं. उत्तरेला निघण्याआधी ते चरबी साठवत असतात. लांब पल्ल्याच्या काही जाती वजन दीडपटीवर नेतात. चरायला मिळतात ते ओहोटीभोवतीचे मोजके तास. थवा एकदा उडवला की त्याचं चरणं थांबतं, शिवाय साठवलेलं खर्चही होतं. थव्यातल्या बऱ्याच माना एकदम वर झाल्या तर तिथेच थांबा, एक पाऊलही पुढे नको. ड्रोन तर नकोच. चिखलात उतरू नका. पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि चढतं पाणी मागून ओहोळांत शिरून वाट तोडतं.

दुर्बीण ८×४२ सगळीकडे चालते, चिखलावर १०×४२ बरी. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एका डोळ्याने बघायची दुर्बीण) असेल तर साडेदहानंतर झूम वाढवू नका. तापल्या चिखलावर हवा थरथरते, साठपट केलं की थरथरच मोठी दिसते. पंचवीस-तीसवर थांबा.

बंदराकडचे कुरव (सीगल) राहिले. त्यांच्यासाठी गेटवे ते मांडवा किंवा भाऊचा धक्का ते मोरा या बोटीइतकी चांगली जागा नाही, ते दहा-पंधरा फुटांवर येतात. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा यांत नाव ऐकून गोंधळ होतो, कारण विणीच्या रंगात काळ्या डोक्याच्या कुरवाचंही डोकं चॉकलेटी असतं. पंखाचं टोक पाहा : तपकिरी डोक्याच्या कुरवाचं टोक काळं आणि त्यात पांढरा ठिपका, काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरीशुभ्र. डोळाही पाहा, पहिल्याचा फिका, दुसऱ्याचा काळाभोर. बोटीवर कोणी शेव-गाठ्या उधळत असेल तर त्यांना नम्रपणे थांबवा. तेलात तळलेलं ते पीठ मासे खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात जाऊ नये. उभं राहायचं ते बोटीच्या मागच्या बाजूला, पंख्याने उसळलेल्या पाण्याकडे तोंड करून. मासे वर येतात ते तिथेच, आणि कुरव व सुरय (टर्न) झेपावतात तेही तिथेच.