कपाटातलं पितळ

जुलै संपत आला की सोसायट्यांचे ‘फॉर्म बी’ आमच्या अग्निशमन केंद्रावर यायला लागतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. सगळ्या इमारतींत जाणं आमच्याच्यानं होत नाही. त्या अठरा मजली इमारतीचा फॉर्म इतका टापटीप होता, की म्हटलं, चला, बघूनच येऊ.

सेक्रेटरींनी चहा सांगितला. मी त्यांना थेट वरच्या मजल्यावर नेऊन हायड्रंटचा, म्हणजे आगीसाठीच्या नळाचा, व्हॉल्व्ह उघडला. फुस्स करून हवा सुटली, पाणी नाही. खाली पंपरूममध्ये पॅनेल ‘मॅन्युअल’वर.

वॉचमन म्हणाला, “ऑटोवर ठेवलं की रात्री-बेरात्री आपोआप सुरू होतो, साहेब. पहिल्या मजल्यावरचे भांडायला येतात.”

पंपाचं काही चुकत नव्हतं. राइजर, म्हणजे मजल्यामजल्यावर पाणी नेणारा उभा पाइप, कुठंतरी गळत होता. दाब उतरला की पंप सुरू होणारच, त्याचं कामच ते. कमिटीने गळती काढण्याऐवजी पंप गप्प केला होता. रेफ्यूज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी रहिवाशांनी थांबायच्या मोकळ्या जागेत, टेबल टेनिसचं टेबल होतं, ते हलवायला सांगितलं. त्यावर मी फार बोललो नाही.

मग होज बॉक्स. पाइप होते, पण एकाही मजल्यावर ब्रँच, म्हणजे पुढची तोटी, नाही. पाइपाच्या टोकाला ती नसेल तर पाण्याचा झोत आगीपर्यंत पोचवायचा कसा?

“आहेत ना!” सेक्रेटरी म्हणाले. “पितळी, भंगारवाले पळवतात. ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवल्यात.” किल्ली खजिनदारांकडे, आणि खजिनदार त्यांच्या नोकरीवर.

मी वॉचमनला म्हटलं, “समजा, बाराव्या मजल्यावर आत्ता आग लागलीय.” त्याने 101 ला फोन लावायची खूण केली, पळत जाऊन पंप सुरू केला आणि येऊन कपाटासमोर उभा राहिला. त्याच्याकडून सगळं बरोबर झालं होतं. खजिनदारांचा फोन लागला, तर ते मीटिंगमध्ये. पाऊण तासाने किल्ली आली, कुरिअरच्या पोराबरोबर.

कपाटात ब्रँचेस वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, प्रत्येकीवर मजल्याची चिठ्ठी. इतकी निगुतीने ठेवलेली सामग्री मी क्वचित पाहिलीय. खरं सांगायचं तर अशा ठिकाणी रागवायचं कोणावर तेच कळत नाही. रागवावं ते ‘चालू स्थितीत’ असं लिहून देणाऱ्या एजन्सीवर. तिच्याबद्दल वेगळा अहवाल केला. सोसायटीला त्रुटी दूर करण्यासाठी त्याच अधिनियमाच्या कलम 6 ची नोटीस काढली.

सेक्रेटरींनी विचारलं, “पुन्हा चोरी झाली तर?”

“स्टेनलेस स्टीलच्या घ्या. भंगारात पितळेइतका भाव येत नाही.”

“सर्वसाधारण सभेत विषय घेतो.”

“सभा घ्या सावकाश. या मात्र आत्ताच वर लावायच्या, मी थांबतो.”

चहा तेव्हा घेतला.