फुलीच्या खाचेला नेमका स्क्रूड्रायव्हर शोधताना : माझा अनुभव

जुन्या जपानी कॅसेट डेकचा सैल पडलेला रबरी पट्टा बदलणे हे तसे थोड्या वेळाचे काम आहे. पण त्या पट्ट्यापर्यंत पोहोचण्यासाठी जे स्क्रू काढावे लागतात, त्यांच्या डोक्यांत नेमके बसणारे टोक शोधण्यातच माझा बहुतेक वेळ गेला, आणि तो सत्कारणी लागला असे मी मनापासून मानतो.

बाहेरच्या झाकणाचे सगळे स्क्रू फुलीच्या खाचेचे होते. संचातला फिलिप्स या फुलीच्या प्रकाराचा २ क्रमांकाचा स्क्रूड्रायव्हर खाचेत उभा धरला, तेव्हा तो बसल्यासारखा वाटला. पण डावी-उजवीकडे हलकेच फिरवून पाहिल्यावर स्क्रू न हलता टोकच थोडे हलत होते. जोर लावण्याआधी हा ढिलेपणा तपासून पाहावा, कारण खाचेच्या कडा एकदा घासल्या की नेमके टोक हाती येऊनही उपयोग होत नाही. बॅटरीच्या उजेडात भिंगातून पाहिले, तर डोक्यावर फुलीच्या एका बाजूला टाचणीच्या टोकाएवढा खोलगट ठिपका दिसला. जपानी औद्योगिक मानकाच्या, म्हणजे जेआयएस पद्धतीच्या, पुष्कळ स्क्रूंवर ही खूण असते. सगळ्यांवर मात्र नसते, म्हणून ठिपका नसला तरी जपानी यंत्रात तीच शक्यता आधी धरावी.

फरक खाचेच्या आतल्या कोपऱ्यांत आहे. फिलिप्स टोकाच्या चार पाकळ्या एकमेकींना जिथे मिळतात तिथे गोलाई अधिक असते. जेआयएसच्या खाचेत ती कमी असल्याने फिलिप्सचे टोक त्या कोपऱ्यांवर अडते आणि तळापर्यंत उतरत नाही. शिवाय फिलिप्सच्या पाकळ्या टोकाकडे निमुळत्या होत जातात, त्यामुळे पिळाचा जोर वाढला की टोक आपोआप वर ढकलले जाते. हेन्री फिलिप्स यांनी १९३०च्या दशकात ही रचना बाजारात आणली ती जुळणीच्या कामासाठी. टोक खाचेत आपसूक मध्यावर येते हा तिचा मोठा गुण आहे, आणि घट्ट बसलेला जुना स्क्रू काढताना मात्र तोच निमुळतेपणा आड येतो. जेआयएसचे २ क्रमांकाचे टोक लावले, तेव्हा ते खाचेत असे बसले की हात सोडल्यावरही स्क्रूड्रायव्हर आडवा टिकून राहिला. माझ्या मते टोक जुळल्याची याहून चांगली पारख नाही. हे टोक फिलिप्सच्या स्क्रूलाही बहुधा चालते; उलट मात्र चालत नाही.

फुलीच्या चार हातांमध्ये ४५ अंशांवर बारीक रेघा दिसल्या, तर तो पोझिड्राइव्ह या फुलीच्याच आणखी एका प्रकाराचा स्क्रू समजावा. त्याचे टोक पीझेड या खुणेचे असते आणि फिलिप्सच्या खाचेत ते पुरते उतरत नाही. या डेकमध्ये तो नव्हता, आणि सहा पाकळ्यांचा टॉर्क्सही नव्हता.

आवाजाच्या बटणाच्या कडेला एका बारीक छिद्रात षटकोनी खाचेचा बिनडोक्याचा स्क्रू होता. त्याला १.५ मिलिमीटरची अ‍ॅलन की, म्हणजे षटकोनी दांड्याची किल्ली, लागली. इंची संचातली १/१६ इंचाची की दिसायला तशीच असते, पण ती १.५९ मिलिमीटर भरते, म्हणून ती आत जात नाही. याउलट इंची खाचेत १.५ची की सहज जाते, ढिली फिरते आणि सहाही कोपरे गोल करून टाकते. धोका खरा तिथे आहे.

सर्वांत चिवट ठरला तो मोटरच्या पट्टीचा स्क्रू. आधी कुणी तरी चुकीच्या टोकाने त्याच्या फुलीचे दोन हात खरवडले होते आणि डोक्यावर रंगाचा थेंब वाळून घट्ट झाला होता. सुईने खाचेतला रंग खरवडून काढला, सोल्डरिंग आयर्नचे टोक क्षणभर डोक्यावर टेकवून उरलेला रंग मऊ केला, आणि खाचेत व्हॉल्व्ह घासायची दाणेदार पेस्ट किंचित लावली, म्हणजे टोक निसटणार नाही. मग पिळण्यापेक्षा दाबण्यावर अधिक जोर ठेवून स्क्रू आधी आवळण्याच्या दिशेने जरासा हलवला आणि नंतर उलट फिरवला, तेव्हा तो सुटला. पेस्टचा एकही कण यंत्रात राहता कामा नये, म्हणून ती जागा नंतर ओल्या कापसाने नीट पुसली.

परत जोडणी करताना प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूंसाठी एक गोष्ट मी कटाक्षाने पाळली. स्क्रू छिद्रात ठेवून आधी उलटा फिरवावा. जुन्या आट्याचे तोंड आले की स्क्रू टक् करून किंचित खाली बसतो, आणि मगच तो सुलटा आवळावा, म्हणजे प्लॅस्टिकमध्ये नवे आटे कापले जात नाहीत आणि पकड पूर्वीइतकीच राहते.