आमची वाटचाल: आधी आवाज, मग पाना

"खालून कसला तरी आवाज येतो." आमच्याकडे येणारे बहुतेक मालक एवढंच सांगतात. त्याहून जास्त त्यांना सांगता येत नाही आणि ते त्यांचं कामही नाही.

सुरुवातीला आम्ही चारचौघांसारखंच गॅरेज चालवायचो. ब्रेक, क्लच प्लेट, सर्व्हिसिंग, जे येईल ते. मग मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कार येऊ लागल्या. त्यातल्या बऱ्याच गाड्या आधी दुसरीकडे पार्ट बदलून आलेल्या असायच्या. पार्ट नवे, आवाज जुनाच. हे पुन्हा पुन्हा दिसलं तेव्हा बाकीची कामं कमी करत आणली. आता आम्ही इंजिनाच्या मागून चाकापर्यंतचंच काम घेतो: क्लच, गिअरबॉक्स, शाफ्ट, डिफरन्शियल (शाफ्टची ताकद मागच्या दोन्ही चाकांत वाटणारा गिअरसंच), अ‍ॅक्सल.

गाडी आली की पहिल्यांदा ती चालवायची, लिफ्टवर नंतर. चालवताना एकच प्रश्न धरून ठेवायचा: आवाज कोणाच्या वेगाने वाढतो? इंजिनाच्या, शाफ्टच्या की चाकाच्या? चाकाचा घेर 1.8 मीटर धरला तर ताशी 60 किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण 9 फेरे घेतं. डिफरन्शियलचं गुणोत्तर 4.3 असेल तर त्याच वेळी प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे जाणारा दांडा, जवळजवळ 40 फेरे घेतो. त्यामुळे मोजता येईल अशी धीमी घरघर असेल तर चाकाकडे बघायचं, सलग घुमणारी कंपनं असतील तर शाफ्टकडे. यूजे क्रॉस (शाफ्टच्या वाकणाऱ्या सांध्यातला अधिकच्या आकाराचा तुकडा) घट्ट झाला असेल किंवा शाफ्टची दोन टोकं जुळवून बसवलेली नसतील, तर एका फेऱ्यात दोन झटके बसतात. रेस दिली की डिफरन्शियल रडतं आणि पाय काढला की गप्प होतं, किंवा नेमकं उलट, तर क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी, आणि पिनियनचं बेअरिंग तपासायला घ्यायचं.

कान मात्र फसवतात. माझदा एमएक्स-5 मध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब फ्रेम असते. तिच्यातून आवाज प्रवास करतो आणि मागचा रोग गिअर लीव्हरपाशी ऐकू येतो. म्हणून आम्ही चिमट्याने अडकवायचे मायक्रोफोन घेतले. ते चार-पाच जागी लावायचे आणि गाडी चालवताना एकेक चॅनल ऐकायचा. एवढ्या वर्षांत घेतलेल्या हत्यारांपैकी सगळ्यात जास्त कामाला आलेलं हेच.

आमचं नाव खरं झालं ते एका पोर्शे 944 मुळे. दुसऱ्या एका वर्कशॉपने "गिअरबॉक्स गेलाय, उघडावाच लागेल" असं सांगून ती परत पाठवली होती. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना कोरडी खुळखुळ यायची आणि क्लच दाबला की थांबायची. साध्या गाडीत एवढ्यावर गिअरबॉक्सच्या इनपुट बेअरिंगवर संशय घेणं बरोबरच आहे. पण 1982 साली बाजारात आलेल्या या गाडीची मांडणी निराळी आहे. इंजिन आणि क्लच पुढे, गिअरबॉक्स मागे डिफरन्शियलच्या जोडीला. मधे टॉर्क ट्यूब नावाची जाड नळी आणि तिच्या पोटात बेअरिंगांवर तोललेला बारीक शाफ्ट. क्लच सोडलेला असेल तर हा शाफ्ट इंजिनाच्याच वेगाने फिरतो, गाडी उभी असली तरी.

आधी रस्त्यावर नेली. ताशी 60 ला गिअर न्यूट्रल केला तेव्हा गाडी तशीच धावत होती, पण खुळखुळ इंजिनाबरोबर खाली उतरली. म्हणजे चाकाची बेअरिंग आणि डिफरन्शियल दोन्ही संशयातून सुटले. मग लिफ्टवर घेऊन, इंजिन आयडलला ठेवून, गिअरबॉक्सच्या अंगाला स्टेथोस्कोप लावला. नुसती गुणगुण. तिथून नळीवर वीतभर वीतभर पुढे सरकत गेलो आणि मधल्या भागात कानात खडे वाजायला लागले. गिअरबॉक्सचं ऑइल काढून बोटांवर चोळलं: चमक नाही. ड्रेन प्लगच्या चुंबकावर थोडा काळा लगदा होता, तो असायचाच. लोखंडाचे मोठे कण असते तर गोष्ट वेगळी होती.

नळी काढायला गिअरबॉक्स उतरवावा लागतोच, पण आम्ही तो उघडला नाही. नळीतली बेअरिंग बाहेर आली तेव्हा ग्रीस वाळून खपली झालेलं होतं. एक तर हातात फिरवतानाच करकरलं. ती बदलली आणि आवाज गेला.

त्यानंतर निदानाचे पैसे वेगळे घ्यायला लागलो. काहींना ते खटकलं, अजूनही खटकतं. "नुसतं ऐकायचे पैसे?" हो, ऐकायचेच. बदल्यात लेखी अहवाल मिळतो: काय तपासलं, काय वगळलं, संशय कशावर आणि का. तो घेऊन काम दुसरीकडे करून घेतलं तरी आमची हरकत नसते. दुरुस्तीवरच कमाई अवलंबून असेल तर मोठी दुरुस्ती शोधायचा मोह होतो, हे माझं स्पष्ट मत आहे.

नवीन मुलं येतात त्यांना आधी ऑइलचे डबे वाचायला लावतो. डिफरन्शियलच्या हायपॉइड गिअरना (दात एकमेकांवर घसरत फिरणारे गिअर) जीएल-5 प्रतीचं गिअर ऑइल लागतं. पितळी सिंक्रोनायझर रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणारी कडी) असलेल्या जुन्या गिअरबॉक्सना बहुधा जीएल-4. या अदलाबदलीतून आलेल्या तक्रारी आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत.

हल्ली लोक मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. टकटक त्यात कळते, पण खोल घुमणारा आवाज फोन पकडत नाही, तेव्हा गाडीच आणावी लागते. येण्याआधी एवढं पाहून ठेवा: कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरला, रेस देताना की सोडताना, वळताना बदलतो का, गाडी गरम झाल्यावर वाढतो का. आणि गाडी खालून धुऊन आणू नका. सीलभोवतीची ओल किंवा अ‍ॅक्सलच्या सांध्यावरच्या फाटक्या रबरी आवरणातून (बूट) चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं ग्रीस आम्हाला जसंच्या तसं बघायचं असतं.