अर्जात ते मागितलेलं नाही

माहिती अधिकार कायद्याखालची अपिलं ऐकणाऱ्या राज्य माहिती आयोगाच्या एका खंडपीठात मी लघुलेखक होतो. सुनावणीत साहेब, म्हणजे आयुक्त, सांगतील ते उतरवून घ्यायचं आणि नंतर आदेश टंकायचा. भाषा ठरलेली: ‘अपील मान्य’, ‘माहिती विनामूल्य पुरवावी’, ‘कारणे दाखवा’. बोटं आपोआप चालायची. एका द्वितीय अपिलात मात्र ती अडली.

अपिलार्थी निवृत्त शिक्षक. त्यांच्या गल्लीत नगर परिषदेनं सिमेंटचं गटार बांधलं होतं, त्याची मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवायची वही, सगळे जिला एमबी म्हणतात ती, मास्तरांनी मागितली होती. आपल्या राज्याच्या नियमांनुसार 2012 पासून अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसणारा लागतो. मास्तरांचा तसाच होता. उत्तर आलं, ‘सदर अभिलेख शोध घेतला असता आढळून येत नाही.’ मग मुख्याधिकाऱ्यांकडे, म्हणजे नगर परिषदेच्या प्रमुख अधिकाऱ्यांकडे, प्रथम अपील. ते 30, फार तर 45 दिवसांत निकाली काढायचं असतं. इथे सुनावणीच लागली नाही.

पुकारा झाला. जन माहिती अधिकारी, म्हणजे अर्जाला उत्तर देणारे, म्हणून कार्यालय अधीक्षक उभे होते. उत्तर मुदतीतच पाठवलं म्हणाले आणि जावक नोंदवहीची झेरॉक्स पुढे केली. मास्तरांनी पिशवीतून पाकीट काढलं. त्यावरचा टपालाचा शिक्का पत्राच्या तारखेनंतर दोन महिन्यांचा. साहेबांनी झेरॉक्स डोळ्यांजवळ नेली. 412 आणि 413 या दोन ओळींच्या मधे, मुंगीएवढ्या अक्षरांत, 412/अ कोंबलेला.

“हा ‘अ’ कधी जन्माला आला?” साहेबांनी विचारलं. अधीक्षक गप्प.

उशीर सिद्ध होता. कलम 20 प्रमाणे शास्ती, म्हणजे दंड, दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000. म्हणजे शंभर दिवसांनी मीटर बंद. त्यापुढे कागद वर्षानुवर्षं दाबून ठेवला तरी आकडा तोच. तीही थेट लावता येत नाही, आधी संबंधिताला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. ते योग्यच आहे. मास्तरांचा प्रश्न वेगळा होता.

“साहेब, माझं अपील ज्यांनी उघडूनसुद्धा पाहिलं नाही, त्यांना काय?”

“त्यांना शास्ती लावायची तरतूद कायद्यात नाही. वरिष्ठांना कळवू.”

मुख्याधिकारी त्या दिवशी बैठकीला गेले होते. तोवर अशी शेकडो प्रकरणं मी टंकली असतील, पण ही त्रुटी कुणी तोंडावर विचारल्याचं आठवत नाही. सही करणारा अधीक्षक कचाट्यात, आणि ज्याच्या टेबलावर अपील पडून राहिलं तो मोकळा.

साहेब स्वतः जुने प्रशासनातले. त्यांनी नेमकी नस पकडली. “एमबी नाही, मग बिल कशावरून काढलं?” मोजमापं चढल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघत नाही, आणि बिलाच्या प्रमाणकावर, म्हणजे व्हाउचरवर, एमबीचा क्रमांक नि पान लिहावं लागतं. ते प्रमाणक लेखा शाखेत असणारच.

इतका वेळ मान खाली घातलेले अधीक्षक एकदम सावरले. “आहे साहेब. पण अर्जात ते मागितलेलं नाही.”

राग आला, पण माणूस बरोबर बोलत होता. मूळ अर्जात नसलेली माहिती अपिलात वाढवून मागता येत नाही. आयोगाला दिवाणी न्यायालयासारखा समन्स काढायचा, कागद मागवायचा अधिकार आहे खरा, तोही चौकशीपुरता. नगर परिषदेच्या अभिलेख कक्षात जाऊन गठ्ठे सोडायला आमच्याकडे माणूस नाही.

साहेबांनी आदेश सांगितला: पंधरा दिवसांत फेरशोध घ्यावा, न सापडल्यास जबाबदारी निश्चित करून महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 खाली कारवाई करावी. या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कागदावर जबर. कारवाई करायची कुणी, हे टंकताना बोटं थांबली. ‘मुख्याधिकारी, नगर परिषद.’ साहेबांकडे पाहिलं. “तेच येतं, लिही,” म्हणाले.

फेरशोधाचा अहवाल आला, ‘आढळून येत नाही.’ जबाबदारीबद्दल चकार शब्द नाही. मास्तर पुन्हा आले, माहिती अधिकार कायद्याच्या कलम 18 खाली तक्रार घेऊन. त्या कलमात शास्ती लावता येते, माहिती द्या असं सांगता येत नाही. मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2011 मध्ये ते स्पष्ट केलंय. हे समजावताना वाटलं, आता हा माणूस चिडेल. त्यांनी शांतपणे वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, “प्रमाणकासाठी नवा अर्ज टाकू ना?”

टाकला. प्रमाणक मुदतीत मिळालंही. ते दाखवायलाच मास्तर आले होते. रक्कम आहे, चेक नंबर आहे, एमबीचा क्रमांक आहे. पान क्रमांकाची जागा कोरी, आणि खाली ‘तपासले’ असा शिक्का, सहीसह. ती सही कुणाची, यासाठी त्यांचा पुढचा अर्ज गेलाय. उत्तर नाही आलं तर आधी प्रथम अपील, मुख्याधिकाऱ्यांकडेच.